डोणगावचे गनीसर आणि हरवलेल्या पट्ट्या

बोंडअळी मेल्याचं दुःख झालेला माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात एकच निघाला असता, आणि तो म्हणजे डोणगावचे अब्दुल गनी. गनीभाई फवारणी पंप दुरुस्त करायचे. एस.टी. स्टँडच्या रस्त्याला कडुलिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान. हंगामात दुकानापुढे पाठीवरचे पंप रांगेनं मांडलेले असत, आणि ज्याला त्याला आपलाच पंप आधी हवा असे. मग बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आली. पहिली दोन-तीन वर्षं अळी फिरकलीच नाही. लोकांनी पंप खुंटीला अडकवले आणि गनीभाई दुकानात माश्या मारत बसले.

कापसाचं पुढं काय झालं हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. अळी गेली तर पिठासारखा पांढरा मिलीबग आला, पंप पुन्हा खाली उतरले, दरवर्षी पाकीट नवं आणि त्यातलं एखादं उगवायचंच नाही. पण तोवर गनीभाईंच्या हाताला दुसरं काम लागलं होतं. ते असं लागलं की, दूध सोसायटीचा कॉम्प्युटर बंद पडला. मेहकरचा मेकॅनिक आठ दिवस "उद्या येतो" म्हणत राहिला, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तो डबा थेट पंपाच्या दुकानात घेऊन आले. म्हणाले, "गनीभाई, पंपात हवा जाते, यात लाईन जाते. कुठं अडकली ते पाहा." गनीभाईंनी डबा उघडला. आत एक पाल दोन तारांवर आडवी पडून जळालेली होती. त्यांनी चिमट्यानं पाल काढली, सायकलच्या पंपानं धूळ उडवली, आणि डबा सुरू झाला. त्या दिवसापासून गावात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की त्याची वरात कडुलिंबाखाली यायची.

घरी बायको अमीना मात्र काळजीत. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात यांनी चालता पंखा उघडला होता आणि परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले होते. ती म्हणायची, "चलती चीज को हाथ लगाए बगैर तुमको नींद नहीं आती." आणि ते अगदी खरं होतं. हा माणूस भला, कामाचा पक्का, पण चाललेल्या वस्तूला चाललेली म्हणून सोडून देणं त्याला जमायचं नाही.

गावात सगळे कॉम्प्युटर चोरीच्या सीडीवर चालायचे. गनीभाईंसारख्या पाच वेळच्या नमाज्याला ते खटकायचं. एकदा अकोल्याच्या स्टँडवर एका मासिकाबरोबर त्यांना लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी मिळाली. वर लिहिलं होतं, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. सातवी शिकलेल्या गनीभाईंनी ते अडखळत तीनदा वाचलं. देणारा स्वतःच "वाटा" म्हणतो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग दर महिन्याला मासिक, दर महिन्याला सीडी. आतलं यंत्र एकच, पण दर सीडीचा पडद्यावरचा चेहरा निराळा. एकाचं नाव ग्नोम, एकाचं केडीई, एक आणखी हलकं-फुलकं, जुन्यापान्या डब्यावरही पळणारं. गनीभाई नवरी बघायला गेल्यासारखे एकेक चेहरा न्याहाळायचे. शेवटी ग्नोम पसंत पडला, कारण त्याला वर एक पट्टी होती आणि खाली एक, आणि सगळं मराठीत दिसायचं.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात बुलढाण्याच्या एका कॉलेजनं दहा कॉम्प्युटर मोडीत काढले. सरपंच हिंमतराव ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सोयाबीनच्या कुटाराच्या मऊ भुशावर निजवून घेऊन आले आणि पंचायतीमागच्या खोलीत मांडले. गनीभाईंनी दहाही जिवंत केले. पण शिकणार कोण? पोरं मेहकरला क्लासला जात होती. पहिली आली ती सरस्वतीबाई.

सरस्वतीबाईंची दीड एकर वांगी-मिरची, थोडा मका आणि बाकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. आदल्या साली त्यांचं कपाशीचं बियाणं उगवलंच नव्हतं. तक्रारीचा अर्ज करायला त्या मेहकरच्या टायपिस्टकडे गेल्या. त्यानं असा काही भारी मराठीत अर्ज ठोकला की कृषी ऑफिसातल्या साहेबानं त्यातलं एक वाक्य वाचून "म्हणजे काय?" असं विचारलं, तर बाईंना सांगता येईना. "वावर माहं, दुखनं माहं, अन् कागदावरचं मलेच समजत नाही!" त्या गनीभाईंना म्हणाल्या. "मले माहा अर्ज माह्या हातानं लिहायचा हाये. शिकवता का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सून डिंपलला आणलं. आठवड्यात बारा बाया झाल्या. कुणाला बोअरच्या कनेक्शनचा अर्ज करायचा होता, कुणाला रेशन कार्डात नाव घालायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात डिंपलनं विचारलं, "सर, हे अक्षर खालून लाल काऊन होऊन राह्यलं?" गनीभाईंनी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कोण सर आले? मागे भिंत होती. आयुष्यभर त्यांना कुणी गन्या म्हटलं, कुणी पंपवाला, पिकल्या दाढीमुळे अलीकडे चाचा. सर कुणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी अमीनाला ही गोष्ट दोनदा सांगितली, आणि तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा ती हसत उठून गेली.

गनीसरांची शिकवण्याची तऱ्हा ठरलेली. पुठ्ठ्यावर त्यांनी रंगानं तक्ता काढला होता: वरच्या पट्टीतून काम काढायचं, खालच्या पट्टीत काढलेलं काम सापडतं. बाया तोंडपाठ म्हणायच्या. "वरून काढा, खाली पाहा." दोन पट्ट्यांच्या मधे त्यांनी सगळी विद्या बसवली होती.

इकडे पंचायतीच्या त्या खोलीवर खतवाल्यांचा डोळा होता. पोती ठेवायला कोरडी जागा हवी, आणि खोली कोरडी होती. हिंमतराव माणूस मोकळा, पण त्याला चारही बाजूंनी ऐकावं लागे. त्यानं गनीभाईंना सांगितलं, "हे पाहा गनीभाई, पंधरा ऑगस्टले झेंडा झाला का साऱ्या गावासमोर या बायाइनं अर्ज टाईप करून दाखवावा. तुमी हात लावायचा नाही. जमलं तं खोली वर्गाची. नाही तं पोत्याची. मंग मले कोनी बोल लावू नये."

गनीभाई हो म्हणाले. भीती कशाची? बाया तयार होत्या. वर्ग गेला तर बाया पुन्हा मेहकरच्या टायपिस्टच्या दारात उभ्या राहतील हे त्यांना कळत होतंच. पण खरं सांगायचं तर त्यांच्या पोटात दुसरंच भय होतं. खोली गेली की 'सर' गेले. मग पुन्हा कडुलिंब, पुन्हा पंपवाला.

त्या वर्षी राखीपौर्णिमा तेरा तारखेला, शनिवारी आली. बाया माहेरी गेल्या. सरस्वतीबाई उंद्रीला, डिंपल रोहिणखेडला. वर्ग बंद, रमजानचा महिना, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही. आणि नेमकं त्याच दिवशी मासिक आलं. आत डीव्हीडी. वर लिहिलेलं: नवा ग्नोम, नवा चेहरा. रिकामा मेकॅनिक आणि नवी डीव्हीडी एका खोलीत आल्यावर जे व्हायचं ते झालं.

शहाण्या माणसानं एका कॉम्प्युटरवर घालून पाहिलं असतं. पण गनीभाईंच्या धंद्याची रीत निराळी. मृगाच्या आधी सगळे पंप एका दिवशी उघडायचे, सगळ्यांचे वायसर एकदम बदलायचे, म्हणजे हंगामात कटकट नको. तीच रीत त्यांनी इथं लावली. डीव्हीडी वाचणारे दोन ड्राइव्ह आणि डीव्हीडीच्या दोन नकला एकेका डब्याला लावत, चार वाजेपर्यंत दहाच्या दहा कॉम्प्युटर नवे करून टाकले. आणि मग पहिला सुरू केला.

पट्ट्या नव्हत्या. खालची तर साफ गेली होती. वर एक काळी रेघ उरली होती, मधोमध घड्याळ, कोपऱ्यात एक शब्द. बाकी नुसती निळी भिंत. काम कुठून काढायचं पत्ता नाही. काढलेलं काम बाजूला ठेवायचं बटण नाही. बंद करावा म्हटलं तर बंद करायची सोयच दिसेना, नुसती झोपवायची होती. गनीभाईंनी दुसरा लावला, तिसरा लावला. दहाही भिंती निळ्या. रोजा होता म्हणून तोंड आधीच कोरडं होतं, उरलंसुरलं पाणीही पळालं. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तो किती नेमका पाडावा!

जुनी सीडी घालून सगळं पहिल्यासारखं करता आलं असतं. पण जुन्या ग्नोमची सीडी एकच, आणि ती होती कुठं? पाखरं हाकायला सरस्वतीबाईंना हवी होती म्हणून यांनीच ती महिन्यापूर्वी दिली होती. वऱ्हाडात सीडीचं दुसरं आयुष्य वावरातच जातं. गनीभाई सायकल हाणत वावरात पोचले. मक्याच्या तुकड्यात बांबूला सुतळीनं बांधलेली सीडी वाऱ्यावर गरगरत होती, आणि त्याच बांबूच्या टोकावर एक साळुंकी निवांत बसली होती. "तुले तं जराबी भेव नाही वाटत, अन् मले इथं घाम फुटून राह्यला," गनीभाई तिला म्हणाले. सीडी सोडून आणली, कुर्त्यानं पुसली, ड्राइव्हमध्ये घातली. आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला आणि ड्राइव्हनं ती परत बाहेर ढकलली.

इफ्तारला त्यांनी एक खजूर खाल्ला आणि बसून राहिले. अमीनानं सगळं ऐकून घेतलं. पंख्याची आठवण तिनं काढली नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे हे त्यांना कळलं. ती एवढंच म्हणाली, "औरतों को सच बता दो."

रविवारी दुपारी बाया परतल्या. हातात राखीच्या मिठाईचे डबे, माहेरच्या गप्पा. खोलीत आल्या आणि निळ्या भिंती पाहून थबकल्या. गनीभाई तक्त्यापाशी उभे होते. वर्गात पोरगं उभं करावं तसे. "माही चूक झाली," ते म्हणाले. "चाललेलं होतं, मीच बदललं. वरची पट्टी नाही, खालची नाही. मलेच काही सापडत नाही. उद्या तुमाले जमनार नाही, अन् त्यात तुमचा दोष नाही. मी सरपंचाले सांगतो."

मग सरस्वतीबाईंनी मिठाईचा डबा खिडकीत ठेवला आणि पदर खोचला.

"सर, तुमचं लग्न झालं तवा तुमी कुठं राह्यले?"

"कुठं म्हंजे? माह्याच घरी."

"म्हनून तं! आमी गेलो दुसऱ्याच्या घरी. माहेरी चूल उगवतीले, सासरी मावळतीले. मीठ कुठं, पीठ कुठं, कोनी सांगे नाही, अन् विचाराची सोय नाही. सासू दारात उभी. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झालीच ना? एकएक डबा उघडून पाह्यला." त्या खुर्चीवर बसल्या. "बसा गं बायाहो. उघडा डबे."

बाया खदखदून हसल्या आणि बसल्या. पुढचा तासभर त्या खोलीत जो कल्लोळ झाला तसा डोणगावच्या बाजारातही होत नसेल. डिंपलनं कीबोर्डवरचं खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबलं, आणि पडद्यावर उघडलेलं सगळं काम अंगणात पापड वाळत घातल्यासारखं पसरलं. "आत्या, हे पाहा! खालची पट्टी नाही, पन सारं एका जागी दिसते!" मागच्या बाकावरच्या शालूबाईंनी नुसती अक्षरं बडवली तर त्या नावाची कामंच समोर येऊन उभी राहिली. "मले काढावंच लागत नाही, हाक मारली का येते!" कुणी ओरडे, "माह्याकडे छापायचं सापडलं!" कुणी म्हणे, "आवाज काऊन करता, मलेबी दाखवा." बंद करायचं मात्र सापडेना. तेवढ्यात डिंपलचा अंगठा ऑल्टच्या बटणावर पडला आणि झोपवायच्या जागी बंद करायची ओळ उमटली. अंगठा उचलला की ओळ गायब. "लपून बसली होती चोट्टी!" ती म्हणाली. गनीभाई वही घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर धावत होते आणि जे ही सांगेल, ती सांगेल, ते लिहून घेत होते. निम्मं त्यांना कळत नव्हतं. पण त्यांना इतकं हसू येत होतं की अक्षरं वाकडी जात होती.

दमल्यावर बायांनी मिठाईचे डबे उघडले. डिंपलनं विचारलं, "सर, पुढल्या साली हे आनखी बदलन का?"

"बदलन ना," गनीभाई म्हणाले. रोजा असल्यानं ते नुसते मिठाईकडे बघत होते. "मासिकात लिहिलं हाये, या पट्ट्यापायी साऱ्या जगात भांडन लागलं. कोनी म्हनते नवं पाहिजे, उद्या लोक पडद्याले बोट लावून काम करतीन. कोनी म्हनते, आमी जुनंच उचलून घरी चालवतो, आमच्या पट्ट्या आमाले पाहिजे. अन् दोघंबी करू शकतात. याचा मालक कोनी नाही."

"म्हंजे घरचं बियानं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "बीटीचं पाकीट दरसाल नवं घ्या, कंपनी देईन ते पेरा. हे तसं नाही. ज्याले जे वान आवडलं ते त्यानं राखावं, शेजाऱ्याले पसाभर द्यावं. मंग चांगलंच हाये की भांडन. वान जास्त होतीन." गनीभाईंनी तीन महिने मासिकं वाचून जे नीट मांडता आलं नव्हतं, ते बाईंनी पेढा खाता खाता सांगून टाकलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडा झाला. पोरांना बुंदी वाटली आणि सगळं गाव पंचायतीमागं लोटलं. खिडक्यांना माणसं लोंबकळली. लाईन कधी जाईल याचा नेम नव्हता, पण त्या दिवशी तिनंही सुट्टी घेतली नाही. हिंमतरावानं फेटा सावरला आणि जाहीर केलं, "सर बोलनार नाहीत, हात लावनार नाहीत. बाई, तुमाले पाहिजे तो अर्ज करा." खतवाले पुढच्या रांगेत हाताची घडी घालून उभे होते.

गनीभाई भिंतीला टेकून उभे राहिले. सरस्वतीबाई बसल्या. काळ्या रेघेकडे त्यांनी बघितलंही नाही. बटण दाबलं, दोन अक्षरं मारली, पांढरा कागद उघडला आणि दोन बोटांनी, सावकाश, ओठ हलवत लिहीत गेल्या. मधेच एकदा डिंपलला कानात काही विचारलं. गाव श्वास रोखून बसलं होतं असं म्हणणार होतो, पण आमचं गाव कुठलं गप्प बसतंय? दर अक्षराला "वा, वा" चाललं होतं. शेवटी प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. बाईंनी तो घेतला आणि पेनासकट सरपंचाच्या हातात दिला.

हिंमतरावानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "प्रति, मा. सरपंच, डोणगाव." तो थांबला. "मलेच?"

"वाचा ना भाऊ," बाई म्हणाल्या.

"विषय, कॉम्प्युटर वर्गाची खोली कायम ठेवण्याबाबत. आम्ही बारा बाया या खोलीत शिकतो. आता आमचे अर्ज आम्हाला वाचता येतात. खत पोत्यात राहते, ते कुठेही राहील. आमचा वर्ग कुठेही भरणार नाही. आमचे शिक्षक श्री. अब्दुल गनी सर यांनी आम्हाला हे शिकवले. तरी खोली द्यावी." खाली बारा नावं.

गावानं टाळ्यांचा पाऊस पाडला. खतवालेही हसले, दुसरं करणार काय? हिंमतराव मान हलवत म्हणाला, "माह्याच फेट्यानं मले बांधलं या बाईनं!" आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

गनीभाईंना मात्र त्या कागदावर एकच ओळ दिसत होती. शिक्षक. छापील. त्यांचं नाव आजवर रेशन कार्डावर छापलं गेलं होतं आणि मतदार यादीत, तेही चुकीचं. आणि ती छापील होती म्हणूनच त्यांना गप्प बसवेना.

"सरपंचसाहेब, थांबा." ते पुढं आले. "कागदात एक खोटं हाये. हे नवीन मी नाही शिकवलं. परवा मीच सारं बिघडवलं होतं. या बायाइनं काल एका तासात शोधलं. मले अजून येत नाही. खोली द्या, पन माहं नाव खोडा."

आता मात्र गाव खरोखर गप्प झालं. गनीभाई जमिनीकडे बघत होते. 'सर' गेले, असं त्यांना वाटलं. आणि वाटूनही बरं वाटलं, कारण खोली तर राहणार होती.

"येत नाही तं शिका," सरस्वतीबाई म्हणाल्या. "नाव कायले खोडायचं? मी टाईप केलं, मी नाही खोडत."

हिंमतरावानं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा गनीभाईंकडे. कागद गुडघ्यावर ठेवला, सही ठोकली, आणि सहीच्या वर स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहिलं: मंजूर, सरांसकट. ते त्यानं वाचून दाखवलं तेव्हा खिडकीवरचा एक जण हसता हसता खाली पडला.

डिंपलनं आपल्या खुर्चीशेजारी एक स्टूल ओढलं आणि पदरानं पुसलं. "या सर, बसा इथं. घाबरू नका, मी हावो ना. उजवा हात माउसवर ठेवा." ती शिकवायला बसली होती, ते शिकायला बसले होते, आणि तरी ती त्यांना सरच म्हणत होती. गनीसरांनी कुर्त्याच्या टोकानं चष्मा पुसला, डोळेही पुसले, आणि उजवा हात पुढं केला.